डाव्या डोळ्याची शिकवणी

माझा उजवा डोळा एकटा मिटत नाही. डावा मिटतो, उजवा मिटायला गेले की दोन्ही मिटतात आणि वर तोंडही वाकडं होतं. चाळिशी उलटेपर्यंत याने माझं काही अडलं नव्हतं. मग नागपुरातल्या आमच्या दवाखान्यात ठरलं, की मधुमेहाच्या पेशंटच्या डोळ्याचा मागचा पडदा आम्ही नर्सनीही पाहायला शिकायचं. साखर त्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गुपचूप बिघडवते. पेशंटला कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

यंत्र मुठीत मावणारं. एक दिवा आणि एक भोक. भोकाला आपला डोळा लावायचा आणि पेशंटच्या बाहुलीतून आत डोकवायचं. त्याच्या उजव्या डोळ्यासाठी आपला उजवा, डाव्यासाठी डावा, नाहीतर नाकावर नाक आपटतं. माझं रोज आपटायचं. उजवे डोळे मी झकास पाहू लागले, पण डावा आला की शिकवणाऱ्या नेत्रतज्ज्ञ मॅडमना हाक मारावी लागे, आणि मला हाक मारायचा भयंकर राग येई.

मग मी आरशासमोर उजवा डोळा मिटायचा सराव सुरू केला. वॉर्डातल्या मावशींनी नेमकं पाहिलं.

"काहून वं सिस्टर, आरशालेच डोळा मारून राहिली?"

दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी. मॅडमही पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "मिटायला सांगितलं कोणी? दोन्ही उघडे ठेवा. मोकळ्या डोळ्याला जे दिसतं ते दिसू द्या, लक्ष फक्त भोकात."

इतकं सोपं! आणि इतकं अवघड. यंत्र घरी नेऊन नवऱ्याला अंधारात खुर्चीवर बसवून मी रोज त्याचा डावा डोळा छळला. तो म्हणे, "लग्नाले एवढी वर्षं झाली, आता माझ्या डोळ्यात पाहायची हौस आली का तुले?" आणि एका संध्याकाळी ते उमटलं. केशरी पडदा, त्यावर फिकट पिवळा गोल, म्हणजे डोळ्याच्या नसेचं तोंड, आणि गोलातून निघालेल्या रक्तवाहिन्यांच्या लाल रेघा. माझ्या डाव्या डोळ्याने! मी ओरडलेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई आली. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात तयार कापड तपासायचं काम, निसटलेला धागा लांबून ओळखणारी. साखर कित्येक वर्षांची. डोळ्यांच्या तपासणीला मात्र एकदाही गेली नव्हती, कारण बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धुरकट दिसतं, म्हणजे शिफ्ट बुडते.

"माझे डोळे एकदम मस्त आहेत सिस्टर," ती पिशवी उचलत म्हणाली.

"थेंब नाही घालत. समोरच्या कॅलेंडरकडे पाहत बसा फक्त."

ती नाइलाजाने बसली. मी दिवे घालवले, खिडकीचा पडदा ओढला आणि गाल तिच्या गालाजवळ नेला. ती खुदकन हसली. "इतक्या जवळ तं माया नवराबी येत नाही!"

उजवा डोळा ठीक होता. डाव्यात बाहुली बारीक, आधी नुसता लाल उजेड. एक रेघ सापडली. तिचा माग काढत गोलापाशी पोचले. गोलावर बारीक, वेड्यावाकड्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, कंगव्यात अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारख्या. त्या कधीही फुटल्या असत्या आणि आत रक्त उतरलं असतं.

"ताई, आता मॅडमकडे चला."

"माझी ड्युटी आहे."

"पुढच्या वर्षी ड्युटी करायची आहे ना? मग चला!" माझा आवाज चढला. तिचा हात धरून मी तिला नेत्रविभागात नेलं. तिथे तिने थेंब घालून घेतले, कुरकुरत.

मॅडम पाहत राहिल्या. वाटलं, चुकले, उगाच बाईची शिफ्ट घालवली. मग त्यांनी मान वर केली. "बरोबर आहे सिस्टर. लेझर लगेच सुरू करू. नजर वाचेल."

मला इतका आनंद झाला की मी परत जाताना वॉर्डात भेटेल त्याला अडवून अडवून सांगितलं. दुसऱ्याच्या डोळ्यात रोग सापडला आणि मी मिरवतेय, हे विचित्र दिसत असेल. दिसू दे. मी सापडवला होता!

लेझरच्या दोन-तीन खेपा झाल्या. ती दर वेळी चिडत आली, पण आली. कामही सुटलं नाही.

काही महिन्यांनी ती पुन्हा माझ्या खुर्चीत बसली. या वेळी हसली नाही. पदराचं टोक घट्ट मुठीत. मी डावा डोळा भोकाला लावला आणि हळूहळू पुढे सरकले. पिवळा गोल स्वच्छ होता. मी मुद्दाम पुन्हा एकदा चारी बाजूंनी फिरून आले.

"सांगा नं सिस्टर, काय दिसून राहिलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी त्या अंधारात रडायला लागलो.