शितोळेकाकांचं मुठीएवढं रिव्हॉल्वर

बंदुकीच्या दुकानात खूनखराब्याचेच किस्से असणार, असं लोकांना वाटतं. इंदौरच्या स्नेहलतागंजात मामाच्या दुकानावर मी बरीच वर्षं बसलो, पण गोळी सुटल्याचा एकही किस्सा माझ्याकडे नाही. एकट्या शितोळेकाकांचे मात्र इतके जमलेत की काय सांगू भिया!

काका कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांच्यापासून घरात एक विलायती रिव्हॉल्वर. छोटंसं, मुठीत मावेल एवढं. काका ते सफाईला आमच्याकडे आणायचे.

एकदा ते काउंटरवर ठेवलं होतं. एका गिऱ्हाइकाने सिगरेट तोंडात धरली, रिव्हॉल्वर उचललं आणि चाप ओढणार, तेवढ्यात मामा ओरडला, "अरे भिया, लायटर नहीं है वो!"

काका शांतपणे म्हणाले, "सिगरेट सोडवायचा उपाय चांगला आहे."

मग मिलला कुलूप लागलं. काका सकाळी टिफिन घेऊन निघायचे आणि आमच्या दुकानात येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. रिव्हॉल्वर घरीच होतं. त्या महिन्यांतला एकही किस्सा माझ्याकडे नाही.

पुढे एका नव्या मोटारींच्या शोरूममध्ये त्यांना काम मिळालं, आणि काका परत बोलायला लागले. तेव्हा बाजार खुला झालेला, इंदौरात जो तो 'इम्पोर्टेड' मागायचा. जमिनीची दलाली करणारे एक सेठ काकांच्या रिव्हॉल्वरवर फिदा झाले.

"इम्पोर्टेड है क्या?"

"असली विलायती!" मामा म्हणाला.

"तो इसका लेटेस्ट मॉडल मंगवा दो!"

काका म्हणाले, "सेठ, बनाने वाले ही नहीं रहे!"

राजेंद्र नगरला काकांच्या घरी भरदुपारी चोर शिरला. काकांनी रिव्हॉल्वर रोखलं. चोर हसायलाच लागला. "काकाजी, ये तो दिवाली वाली है ना?"

तेवढ्यात काकूंनी मागून चप्पल फेकली, ती थेट त्याच्या कानफटात! चोर पसार. काकू म्हणाल्या, "आणि हिला लायसन्स पण लागत नाही!"

एक दिवस काका-काकू दुकानात बसले असताना जयपूरचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "मैं कलेक्टर हूँ." काका ताडकन उभे! शर्टाचं वरचं बटण लावून म्हणाले, "सर, अपना लायसन्स एकदम रिन्यू है!" मामाने समजावलं, "काका, हे जिल्ह्याचे नाहीत. जुनी हत्यारं जमवतात."

काकांच्या पोरांना रिव्हॉल्वरमध्ये इंटरेस्ट नव्हता, म्हणून काका ते द्यायला तयार झाले. त्या गृहस्थांनी भिंग लावून ते नीट पाहिलं, घोडा मागे ओढला आणि थबकले.

"इसके घोड़े की पिन कहाँ है? इससे तो गोली चल ही नहीं सकती."

काकांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं. खरंच पिन नव्हती. त्यांनी मामाकडे पाहिलं. मामा पंख्याकडे बघत होता.

काकूंनी पर्स उघडली आणि कागदाची एक छोटी पुडी काउंटरवर ठेवली. आत पिन.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"मिल बंद झाली तेव्हापासून."

 काकांनी पुडी होती तशी बांधली, काकूंच्या हातात दिली आणि त्या गृहस्थांना म्हणाले,

"ले जाना हो तो ऐसे ही ले जाइए."