उपासाच्या पातेल्यातली लापशी

मी केलेली पहिली लापशी पळीला चिकटून बसली ती बसलीच. पळी उलटी केली, झटकली, पातेल्यावर आपटली, पण लापशी काही पडेना. सकाळचे पावणेसहा वाजले होते. धाकटी बहीण स्वेटरवर स्वेटर चढवून, हॉकी स्टिक मांडीवर आडवी ठेवून ओट्यापाशी डुलत होती. तिने एक डोळा उघडला.

"दादा, हे खायचंय की दीवारची भोकं भरायचीत?"

"गरम आहे तोवर खा. थंड झाली की मग दीवार."

झाशीच्या डिसेंबरात सकाळी सहाला मैदानावर पळायचं तर पोटात काहीतरी गरम हवंच, आणि नेमकं तेच तिचं बंद झालं होतं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि तिला गहू सोसत नाही असं निघालं. ते प्रत्येक वाक्याआधी खोकतात, त्यामुळे त्यांची नक्कल फार सोपी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा आणि सुरू करायचं. "ह्हं... गेहूं बंद. ह्हं... मैदा, सूजी, दलिया बंद. ह्हं... जौ भी बंद."

"और ओट्स, डॉक्टर साहब?" बहिणीने विचारलं. तिचा रोजचा नाश्ता तोच होता.

"ह्हं... अभी वो भी नहीं. खेत से लेकर मशीन तक गेहूं के साथ ही घूमते हैं."

सोळा वर्षांची पोरगी, लेफ्टला खेळते. चार महिन्यांत वजन इतकं उतरलं होतं की तिची ट्रॅकपँट नाडीच्या भरवशावर उभी होती. मैदानावरचे सर तोंडातली शिटी न काढता बोलतात. त्यांचीही नक्कल मी करतो, फक्त थुंकी फार उडते. ते म्हणाले होते, "बिटिया, जनवरी के आखिर में ट्रायल है. पंद्रह मिनट में ऐसे ही बैठ जाओगी तो मैं नाम नहीं भेजूंगा." ती घरी आली, जेवली नाही. आमच्या घरात ती गप्प बसली की भांडीसुद्धा हळू वाजतात.

आईला सातच्या बसने शाळेत शिकवायला जायचं असतं, त्याआधी आंघोळ, पूजा, डबे. बाबांची ड्यूटी बीना जंक्शनला. मी मानिक चौकात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, ते अकराला उघडतं. म्हणून मी छाती ठोकून जाहीर केलं, "सकाळचा नाश्ता माझ्याकडे!"

आई म्हणाली, "तू? तुझा चहा पिऊन बाबा बीनाला पळाले."

पण मी सुटलो होतो. मानिक चौकातल्या धान्याच्या दुकानात जाऊन मी पोत्यापोत्यात हात घालायचो. नाचणी आणली. रंग चॉकलेटचा बघून बहीण खूश झाली आणि पहिल्या घासाला वाटी माझ्याकडे सरकवली. कोदो, म्हणजे कोद्र्याचे दाणे, आणले, ते बरे होते, पण घशात टोचायचे. शेवटी आईच पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ज्वारीच्या कण्या कर की. आमच्याकडे थंडीत सकाळी कण्याच असायच्या."

कण्या! आमच्या घरातलं अर्धं मराठी असं स्वैपाकघरातच राहतं. गल्लीत हा शब्द बोललो तर लोक विचारतील, 'कौन, पड़ोस वाली?' कण्या म्हणजे ज्वारी जाडसर भरडायची, पीठ चाळून काढायचं, उरतो तो चुरा. रात्री भिजत घालायचा. सकाळी चौपट पाण्यात चिमूटभर मीठ घालून शिजवायचा आणि ढवळत राहायचं. दाणा बोटांत दाबला की मऊ झाला पाहिजे. मग दूध, किसलेलं आलं, चार खजूर. गूळ गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं. हे मला पहिल्या दिवशी कळलं. वरून तूप.

तिसऱ्या दिवशी ती जमली. अशी जमली की पळीवरून सुळकन घसरली! मी रेडिओवाल्याच्या आवाजात ओरडलो, "और ये पळी आगे बढ़ी, खजूर को छकाया, वाटी के अंदर... गोल!" बहिणीने वाटी चाटली. खरंच चाटली, नाकाला तूप लागलं. "दादा, और है?" हे तीन शब्द ऐकून मला वाटलं, मोबाईलचं दुकान सोडावं आणि लक्ष्मी तालाच्या काठी लापशीचा ठेला लावावा.

असे आठ-दहा दिवस मजेत गेले. मी रोज हवेत. कधी गाजर किसून घातलं, कधी गुळाऐवजी कांदा-मिरचीची फोडणी दिली. आणि एका सकाळी मैदानावरून ती पोट धरून परत आली. सरांनी दहा मिनिटांत घरी पाठवलं होतं. सगळं जुनंच, पोट फुगलेलं, पाय गळालेले.

"तुझ्या लापशीनेच झालं."

"माझ्या लापशीत गहू नाहीच!"

"तो क्या, हवा खाऊन झालं?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने स्टिक कपाटामागे टाकली.

मी तडक लक्ष्मी गेटपाशी चक्कीवर गेलो. ज्वारी तिथेच भरडून आणत होतो. चक्कीवाले भैया डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. मी विचारलं, "भैया, हमारी ज्वार से पहले क्या पिसता है?"

"गेहूं, और क्या. दिन भर गेहूं."

"तो बीच में साफ करते हो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी चक्कीला लिपस्टिक लावायला सांगितलं. "अरे भैया, पत्थर में थोड़ा तो रहता ही है. पहली दो मुट्ठी में सबका सब में आता है. आज तक कोई मरा?"

पहिल्या दोन मुठी! आणि मी दर वेळी एक-दीड किलोच न्यायचो. म्हणजे रोज सकाळी पाचला उठून, गाणी म्हणत, तूप सोडून मी माझ्याच बहिणीला गहू खाऊ घालत होतो. त्या दिवशी दुकानात मी कुणाचीच नक्कल केली नाही. गिऱ्हाईकांनी विचारलं, तबियत ठीक है?

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आमच्या ओट्यावर सगळ्यात वरच्या फळीवर उपासाचा संसार आहे. एक पातेलं, एक पळी, मिक्सरचं एक वेगळं भांडं, राजगिरा, भगर आणि शिंगाड्याच्या पिठाचा डबा. भांड्यांना लाल दोरा बांधलेला, म्हणजे चुकून खाली उतरू नयेत. आई शिंगाड्याची खीर ढवळत होती. माझ्या एका हातात पोळीचा रोल होता. मी दुसरा हात नुसता लांब केला, राजगिऱ्याचा डबा बघायला.

"ए! हात मागे! पोळीचा हात आहे तुझा!"

मी होतो तिथेच थांबलो. पोळीचा हात. डॉक्टर पंधरा मिनिटं खोकून जे सांगत होते, ते आईने दोन शब्दांत सांगितलं होतं. आणि ती हे माझ्या जन्माआधीपासून पाळत होती!

"आई," मी म्हणालो, "ही फळी मला दे."

"काय?"

"पातेलं, पळी, मिक्सरचं भांडं, सगळं. तिच्या लापशीसाठी."

"ज्वारी भरडणार उपासाच्या भांड्यात? धान्य? आणि परवा कांद्याची फोडणी कोणी दिली होती?" आईची पळी माझ्या नाकाशी आली. "ते देवाचं आहे. खेळणं नाही."

मी तिला चक्कीचं सांगितलं. पहिल्या दोन मुठींचं. कुणाच्याही आवाजात नाही, साधंच. मग म्हणालो, "तिला आता रोज एकादशी आहे गं, आई. फक्त कांदा चालतो."

आईने गॅस बंद केला. खीर दुसऱ्या भांड्यात काढली. पातेलं घासलं, स्वतः, दोनदा. पुसून माझ्यासमोर ठेवलं. "मी माझा उपास फळं-दुधावर करीन," ती म्हणाली. मग पदर खोचून, वेगळ्याच आवाजात, "पण आता मी सांगेन तसं. ज्वारी अख्खी आण. निवडून, धुऊन गच्चीवर धुतलेल्या चादरीवर वाळव. आणि गव्हाचा हात लावलास तर बघ."

त्या दिवसापासून आमचं स्वैपाकघर म्हणजे बॉर्डर झालं. पोळ्या मागच्या खोलीत. आई दारातच विचारायची, "हात धुतले? नखं दाखव." तिने चष्मा लावून एकेक डबा वाचला आणि हिंगाच्या डबीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात मैदा! चिमूटभर हिंगातही! "बघ," ती अशा आनंदाने ओरडली की शेजारच्या चाची खिडकीत आल्या. आई डबी नाचवत म्हणाली, "चोर पकड़ा, भाभी!"

लापशी आता ज्वारीच्या कण्यांत मूठभर भगर आणि चमचाभर भाजलेला राजगिरा घालून व्हायची. राजगिऱ्याने ती दाट व्हायची, पण चिकटायची नाही. दोन आठवडे काहीच फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात कपाटामागची स्टिक जागेवर नव्हती. चौथ्या आठवड्यात ट्रॅकपँटची नाडी सैल करायला लागली आणि बहीण ती सगळ्या घराला दाखवत फिरली.

ट्रायलच्या सकाळी धुकं इतकं की गोलपोस्ट दिसत नव्हता. ती दीड वाटी खाऊन गेली, उरलेली थर्मासमध्ये घेऊन मी मागे. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मी घड्याळ बघत होतो, चेंडू नाही. हाफटाईम झाला, ती बसली नाही. शेवटच्या पाच मिनिटांत धुक्यातून डावीकडून कोणीतरी सुसाट आलं, आणि ते माझ्याच बहिणीचे लाल मोजे होते. मी काय ओरडलो आठवत नाही. घसा मात्र तीन दिवस बसलेला होता.

सरांनी नावं वाचली. शिटी तोंडातच, त्यामुळे अर्धी नावं कुणाला कळेनात. तिचं सातवं. कळलं, कारण ती उडाली.

"दस दिन का कैंप, लखनऊ में," सर म्हणाले. "हॉस्टल का खाना."

घरी आईने हे ऐकलं आणि ती वरच्या फळीसाठी स्टूलवर चढली. संध्याकाळपर्यंत बॅग तयार. डब्यात भरडलेल्या कण्या, भगर, राजगिरा, गूळ, एक छोटी शेगडी. आणि सगळ्यात वर, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं पातेलं आणि पळी. आईने पातेल्याचा दोरा काढून नवा बांधला, दोन गाठी मारून.

"आई, हे घेऊन मी लखनऊला? पोरी हसतील."

"हसू देत. वाटीभर दे त्यांना, गप्प बसतील." आईने बॅगची चेन ओढली. "फक्त पळी तुझीच. कुणाचा पोळीचा हात लागू देऊ नकोस."