रुसायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं

तमाम विवाहित, अविवाहित आणि विवाहेच्छू जनांस जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखक बोहल्यावर चढला तेव्हा लग्नाच्या पंगतीत जावयानं रुसून बसायचं असतं आणि सासऱ्यानं काहीतरी देऊन त्याचा रुसवा काढायचा असतो, ही जगजाहीर बाब त्याला ठाऊक नव्हती. इतकी वर्षं हे प्रकरण घरातल्या घरात दाबून ठेवलं होतं. आता मुलांचीही लग्नं उरकली. सांगायला हरकत नाही.

ठाऊक असणार तरी कुठून? आईवडील लहानपणीच गेले. मामांनी मला कारंज्याच्या एका वसतिगृहात ठेवलं. तिथे कुणी मोठ्यानं "करा सुरुवात" म्हणायच्या आत वाढलेल्या ताटाला हात लावला, तर पाठीत धपाटा बसे. दहा वर्षांत एवढा एकच संस्कार माझ्यावर पक्का झाला. बाकी लग्नं मला माहीत होती ती रस्त्यावरून जाणाऱ्या वाजंत्रीपुरती.

पन्नासच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात कामरगावी माझं लग्न लागलं. सासरे सायकलला गाठोडं बांधून बाजारोबाजार कापड विकणारे साधे गृहस्थ. दुपारी पंगत बसली. पाटावर मी, उजव्या अंगाला मामा, पुढ्यात पुरणपोळी, तुपाची वाटी आणि वडाभाताचा ढीग. पोटात सकाळपासून काही नव्हतं. कुणीतरी "करा सुरुवात" म्हणेल म्हणून मी वाट पाहत बसलो. पंगत माझ्या तोंडाकडे पाहत बसली. नवरदेवानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नसतं म्हणे!

सासरे हात जोडून समोर आले.

"जावईबापू, काही कमी पडलं काय?"

"नाही, नाही. काही नको."

वाचकहो, पंगतीतल्या जावयानं "काही नको" म्हणणं म्हणजे सौद्याला तोंड फोडणं. मी आपला नम्रपणे बोललो होतो. सासऱ्यांनी बोटातली अंगठी काढली आणि माझ्या पत्रावळीशेजारी ठेवली.

मी चक्रावून मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे कौतुकानं चमकत होते.

"लेका, तुले कोनं शिकवलं रे हे?" ते कानाशी पुटपुटले. "लय मस्त रुसून राह्यला!"

"मी कायले रुसू, मामा? मले भूक लागली."

"चूप! सायकल निघते अजून."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईनं घासासाठी हात उचलला, तर मामांनी उपरण्याखाली माझं मनगट धरलं. मामा तरुणपणी कुस्त्या खेळलेले. मनगट तिथेच राहिलं.

"अंगठीवर कसं भागन, भाऊ?" मामा मोठ्यानं म्हणाले. "पोरगा मॅट्रिक हाये!"

"नाही हो, मी रुसलो नाही!" मी म्हणालो.

"सगळे जावई असंच म्हनतात," पंगतीतला एक म्हातारा म्हणाला. "दे रे बापू लवकर. भात थंडा होऊन राह्यला. नाहीतर आमी बी रुसतो!"

पंगत खदखदली. सासऱ्यांनी खरोखरच सायकल मांडवात आणून उभी केली. मागच्या कॅरियरला गाठोड्याची दोरी तशीच लोंबत होती. ती पाहून मला रडू यायचं बाकी राहिलं.

"नको ना... खरंच नको," माझा आवाज चिरकला.

"पाहा, पोराचा गळा भरून आला," मामा म्हणाले. "मन नाही भरलं त्याचं."

मी तोंड उघडलं की भाव चढत होता. मिटलं तरी चढत होता. मनगट सोडवायला झटका दिला, तर लोकांना वाटलं नवरदेव उठून चालला. सासरे घाबरले. त्यांनी परसाकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाले, "मंग म्हैस सोडतो."

आता कुणी हसलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात बायांच्या गर्दीत माझी नवरी उभी होती. तोवर आम्ही एकमेकांना धड पाहिलंही नव्हतं. आता ती मला पाहत होती, आणि चोराकडे पाहावं तशी पाहत होती. बापाची सायकल नेणारा, म्हैस नेणारा माणूस! याच्याबरोबर तिला जन्म काढायचा होता, आणि तिच्या मनातला हा माणूस पुसायला माझ्याकडे एक शब्द उरला नव्हता. मी नुसता तिच्याकडे पाहत राहिलो. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली घसरली, उपरण्यापाशी आली आणि थांबली.

नव्या नवरीनं पंगतीसमोर तोंड उघडायचं नसतं, हे तर अगदी मलाही ठाऊक होतं. पण ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली,

"बाबा, म्हैस नका सोडू! त्यायचा हात मामाजीनं धरून ठेवला हाये, ते जेवतीन कायनं?"