गळती शोधायला मढपर्यंत

सिन्नरहून सकाळी सातला निघाले. बरोबर कोणी नव्हतं आणि मला तेच हवं होतं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले, सात महिन्यांपूर्वी स्वतःची घेतली. मुंबईला एकटीनं चालवत जायची ही पहिलीच खेप. पुण्यातला माझा मुलगा निखिल आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता, "एसटीनं जा ना, आई." मी विषय बदलला होता.

घोटीच्या अलीकडे एका गावात गतिरोधक होता. पट्टे पुसलेले, त्यामुळे दिसला तेव्हा उशीर झाला होता. उतरताना खालून खर्रकन आवाज आला. पुढे जाऊन थांबले, वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. हे कोणाला सांगायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

कसारा घाट उतरून दुपारच्या आत मुलुंडला पोचले. माझी धाकटी बहीण सुलभा तिथे राहते, महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिनं सोसायटीतल्या चार जणींना बोलावून गाडी दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं बेल वाजवली. "ताई, तुमच्या गाडीखाली तेल सांडलंय."

खाली जाऊन पाहिलं. फरशीवर तळहाताएवढा काळपट डाग होता. बॉनेट उघडून तेलाची पट्टी पुसून पाहिली, तर पातळी खालच्या खुणेवर आलेली.

"अगं, नवी ना ही?" सुलभा म्हणाली. "वाट लागली!"

कंपनीचं सर्व्हिस सेंटर घाटकोपरला होतं. काचेचं दार, थंड हवा, यंत्रातली गोड कॉफी. गाडी आत नेली आणि वीस मिनिटांनी टाय लावलेला एक तरुण टॅबलेट घेऊन आला. त्यावर गाडीच्या पोटाचा फोटो होता.

"मॅडम, हा ओरखडा बघा. खालून मार बसलाय. चेंबरला (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) तडा गेला असणार. हे वॉरंटीत नाही बसत. कुठे आपटली होती का?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

तो हसला. असं उत्तर त्यानं रोज ऐकलेलं असावं. तडा प्रत्यक्ष दिसला का, हे मी विचारायला हवं होतं. पण एकदा खोटं बोलल्यावर पुढचं भांडण करता येत नाही. तेल भरून घेतलं आणि विचार करून सांगते म्हणून गाडी बाहेर काढली.

निखिलला सुलभानं आधीच कळवलं होतं. त्याचा फोन आला. "मी सांगत होतो ना. आता विकून टाक ती. तुला नाही जमणार हे, आई." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो शांतपणे बोलत होता, ते जास्त लागलं.

सुलभाच्या शाळेतल्या साळवेबाईंच्या मिस्टरांचं गोवंडीला गॅरेज आहे. "एकदा त्यांना दाखव, मग काय ते ठरव," असं म्हणून तिनं मला पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. गल्ली एवढी अरुंद की समोरून रिक्षा आली तेव्हा रिक्षावाल्यानंच मला हातानं खुणा करून पुढे काढलं. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून जळका वास येत होता. साळवे साठीचे, मूळचे जालन्याकडचे. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली होती आणि प्रत्येक पाना आपापल्या आकृतीवर टांगलेला होता. ते पाहून मला जरा धीर आला.

ते पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेले. बराच वेळ आतच होते.

"खाली तेल दिसतंय, पण ते खालूनच येतंय असं नाय," बाहेर येत म्हणाले. "वरनं ओघळलं तरी थेंब खालीच पडणार ना. आधी सगळं साफ करू, मग बघू."

त्यांनी इंजिन धुतलं, हवेनं सुकवलं आणि फडताळातून लहान बाळांच्या पावडरचा डबा काढून वरपासून खालपर्यंत पावडर फुंकली. इंजिन पिठात घोळल्यासारखं दिसायला लागलं.

"आता गाडी चांगली गरम झाली पाहिजे. तासदीड तास चालवा, मी बसतो बाजूला. कुठे जायचं?"

"समुद्राकाठचं मढ कधी पाहिलं नाही," मी म्हणाले.

"चला मग."

कुर्ल्याचा पूल ओलांडला, हायवेला लागलो. अंधेरीत मेट्रोच्या खांबांमधून एक टेम्पो अचानक आडवा आला. मी ब्रेक दाबला. साळवे एवढंच म्हणाले, "क्लचवरचा पाय काढा, दर वेळी नाय लागत." बाकी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. मालाडहून मार्वे रोडला वळल्यावर इमारती मागे पडल्या, खारफुटी सुरू झाली. अक्साची चौपाटी गेली. मग रस्त्याकडेला फुलं वाहिलेले क्रूस, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि उंच भिंतींचे बंगले. एका बंगल्यापाशी गाडी लावू पाहिली, तर दरवान धावत आला. आत शूटिंग चालू होतं. फाटकातून खोटी पोलीस चौकी दिसत होती आणि तिच्या पायरीवर बसून दोन हवालदार वडापाव खात होते.

पुढे कोळीवाड्यात एका बाईंच्या ओसरीपाशी थांबलो. साळव्यांनी लगेच बॉनेट उघडलं.

"गारी बिगरली काय गो?" (गाडी बिघडली का गं?) बाईंनी विचारलं.

"तेच बघतोय."

"मंग बघा, तवर बोंबील तलते."

साळव्यांनी बॅटरीचा उजेड पाडून काठीला बांधलेला छोटा आरसा इंजिनाच्या मागे घातला. मग मला बोलावलं. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उतरली होती. अगदी वरून, अंगठ्याएवढ्या एका स्विचापासून निघून, इंजिनाच्या पाठीवरून थेट चेंबरच्या कडेपर्यंत.

"हा प्रेशर स्विच. तेलाचा दाब कमी झाला की लाल दिवा लावतो, तो. याच्यातनंच पाझरतंय. पार्टच खराब आलाय. चेंबरवर बाकी सगळीकडे पावडर कोरडीच आहे."

मी म्हणाले, "पण मी गाडी आपटली होती. घोटीपाशी."

"माहितेय. ओरखडा दिसला ना मला." त्यांनी आरसा पुसला. "ओरखडा तुमचा. गळती तुमची नाय."

बोंबील कुरकुरीत होते, बरोबर तांदळाची भाकरी. मी दोन दिवसांनी पोटभर जेवले.

"तुम्हीच बदलून द्या," मी म्हटलं. साळव्यांनी मान हलवली. "मी पाना लावला तर ते म्हणणार, यानंच बिघडवलं. वॉरंटी आहे, त्यांच्याकडनंच करून घ्या. फोटो काढा. पण बोलायचं तुम्हालाच."

तेच अवघड होतं. दुसऱ्या दिवशी घाटकोपरला त्याच टायवाल्या तरुणासमोर उभी राहिले. "परवा मी खोटं बोलले," मी म्हणाले. "गाडी आपटली होती. ओरखडा माझाच आहे, त्याचं मला काही नको. पण तेल तिथून येत नाही. गाडी वर घ्या आणि माझ्यासमोर बघा."

तो मॅनेजरकडे बघायला लागला. तेवढ्यात आतून एक वयस्क मेकॅनिक हात पुसत आले. बोलण्यावरून मालवणकडचे वाटले. त्यांनी माझ्या मोबाईलवरचा फोटो पाहिला, गाडी लिफ्टवर घेतली, चेंबरवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवून बोट मला दाखवलं. कोरडं. मग वर इंजिनामागे बॅटरी मारली.

"ह्यां थंयसूनच गळता," (हे तिथूनच गळतंय) ते तरुणाला म्हणाले. "चेंबराक काय झाला नाय. वॉरंटीत घाल."

नवा स्विच बसवायला अर्धा तास लागला. तरुणानं कागदावर माझी सही घेतली आणि खाली बघत म्हणाला, "सॉरी, मॅडम. मी वर बघितलंच नव्हतं." मला त्याचा राग आला नाही. आम्ही दोघांनीही ओरखडा पाहून तिथेच थांबायचं ठरवलं होतं.

परतताना कसारा घाट चढून वर आल्यावर चहासाठी थांबले आणि निखिलला फोन केला. सगळं सांगितलं, गतिरोधकापासून. दरीतून वारा येत होता.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात पुण्याला येशील ना, तेव्हा सिन्नरहून पहाटे निघ. चाकणला नऊच्या आत पोच. नंतर तिथे फार अडकायला होतं."

"बरं," मी म्हणाले.

चहा संपवला आणि गाडी सुरू केली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला.