पहिली चाल

पानं उचलण्याआधी ड्रेसरभाऊ फिनेलचे हात डाव्या बाहीला पुसायचे आणि म्हणायचे, "घाई नाही. येऊ द्या सगळ्यांले."

मेडशीच्या जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, मी कारकून. दुपारच्या सुट्टीत निंबाखाली आम्हा चौघांची तीन पत्ती चाले, चिंचोक्यांवर. तुम्ही खेळला असाल तर ठाऊकच आहे, खरा घोळ पहिल्या चालीलाच असतो. एक चिंचोका टाकून गुपचूप आत राहायचं, की दुप्पट टाकून बाकीच्यांना पळवून लावायचं?

ड्रेसरभाऊंचं तंत्र उलटं होतं. तीन राजे आले की आवाज बारीक, चिंचोका एकच. हातात काहीच नसलं की मांडी ठोकून "दुप्पट!" त्या आवाजानेच बाकीचे दोघं पानं टाकून मोकळे होत. मला हे कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर मी लबाडाने कुणाला सांगितलं नाही. ते ओरडले की मी खुशाल "शो!" म्हणून पानं दाखवायला लावायचो. बिचारे उघडे पडत.

"बाबू, तुमी माह्या पोटात शिरून बसले काय?"

कामातही तेच. बैल वाचणार असला की मालकावर चिडचिड करायचे. वाचणार नसला की मोठ्याने म्हणायचे, "आठ दिवसांत चरायले जाते पाहा!" मालक हसत घरी जाई. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसायचो.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी त्यांच्याच गळ्याला गाठ आली. जनावरांच्या गाठी चाचपण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला कुणी काय सांगायचं? अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. ते एसटीच्या खिडकीशी बसले, शेजारी वहिनी पदराने तोंड दाबून. मी खाली उभा. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीची पट्टी ठोकली आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, "बाबू, आठ दिवसांत येतो! पत्ते पिसून ठेवा!"

वहिनींनी पदर खाली घेतला होता, चेहरा जरासा उजळला होता. आणि भाऊ माझ्याकडेच पाहत होते. काय करणार होतो मी?

"पॅक, भाऊ," मी म्हणालो. "आपण पानं टाकली."

ते हसले. "आज काहून पॅक, बाबू?"

गाडी निघाली. आठवा दिवस गेला, नववाही गेला. निंबाखाली आम्ही तिघं रोज पत्ते पिसायचो. पानं वाटत मात्र कुणीच नव्हतं.