आत्याचा कच्चा टाका

माझी आत्या शिवणकाम करायची. वर्षभर इतकी सरळ, की कापड वाया गेलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. पण एक एप्रिल आला की तिच्या अंगात यायचं. त्या दिवशी न्यायच्या कपड्यांपैकी एकाची बाही ती मनगटापाशी कच्च्या टाक्यानं बंद करून टाकायची. धागा ओढला की टाका निघायचा, त्यामुळे कुणी रागवत नसे. उलट "यंदा आमच्यावर मर्जी नाही वाटतं?" म्हणून लोक रुसायचे.

एका वर्षी तिनं नेमका कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूंचा शर्ट निवडला. निवृत्त मास्तर, एकटे, कुणाशी चकार शब्द न बोलणारे. मापाचा जुना शर्टही त्यांनी शेजाऱ्याकरवी पाठवला होता.

आजी म्हणाली, "अगं, त्यांच्या कपाळावरची आठी बघितलीस का? कशाला वाघाच्या तोंडात हात घालतेस?"

"हात तेच घालणार आहेत," आत्या म्हणाली.

शर्ट गेला, आणि तासाभरात मास्तर स्वतः दुकानात हजर. अंगात नवा शर्ट, डावी बाही रिकामी लोंबकळतेय.

"आभार मानायला आलो," ते गंभीरपणे म्हणाले. "मला डावा हात नाही हे कुणाकडून कळलं तुम्हाला? बाही बंद करून देण्याइतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती."

आत्याच्या हातातली कात्री खाली पडली. चेहरा पांढराफटक. "अहो... मला खरंच... चुकलं हो माझं..." डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

तेवढ्यात मास्तरांच्या पोटावरची दोन बटणं सुटली आणि आतून एक धडधाकट हात बाहेर आला.

"एप्रिल फूल," मास्तर म्हणाले.

आत्या आधी संतापली, मग मटकन खाली बसून पोट धरून हसत सुटली. इतक्या वर्षांत तिला कुणी बनवलं नव्हतं.

मग मास्तरांचे कपडे वरचेवर उसवू लागले. चांगल्या कापडाची शिवण दर आठवड्याला कशी उसवते, हे आत्यानं कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं लग्नाची बातमी मुद्दाम दोन एप्रिलला सांगितली. बाबांनी पेपरातून मानही वर काढली नाही. "उशीर झाला, ताई. काल सांगायचं होतंस."

शेवटी मास्तरच पेढे घेऊन आले. बाबांनी एक पेढा फोडून, आत काही नाही ना ते बघितलं आणि मगच तोंडात टाकला.