आप्पांची नवी गाडी उजवीकडे ओढते

“हात सोडा,” मी म्हणालो.

भिमण्णांनी स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि ती नवी कोरी गाडी वळसंगच्या सरळ रस्त्यावर सरळ जायचं सोडून उजवीकडे निघाली. समोरून कडब्याची बैलगाडी येत होती. मीच मध्ये हात घालून स्टिअरिंग डावीकडे दाबलं. कडबेवाल्याने आमच्या दोघांच्या वाडवडिलांचा उद्धार केला. भिमण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“रोज असंच होतं?”

“व्हय की. पैल्या दिसापासनं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“वडती थोडी. त्यात काय बोलायचं?”

मला राग आला. ज्या माणसाची भाकरी त्या गाडीवर अवलंबून होती, त्यालाच तिची फिकीर नव्हती.

ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. मी सोलापुरात एका मोटार एजन्सीत फिटर होतो. एजन्सी म्हणजे परदेशी गाड्या विकणारं दुकान. गाडी विकल्यावर काही महिने तिची तक्रार आम्हीच निस्तरायची, असा करार असायचा. गावात मोटारी अशा किती होत्या? हॉर्न ऐकून कुणाची गाडी आली ते मी सांगायचो. मी मूळचा कोकणातला, राजापूरकडचा. बायको-मूल गावी, मी इथे एका खोलीत. जेवण खाणावळीत, तेही गप्प बसून, कारण माझं बोलणं ऐकून बाकीच्यांना हसू यायचं. गाडीखाली उताणा पडलो की मला बरं वाटे. तिथे आपल्याशी कुणी बोलावं अशी अपेक्षाच नसते.

गाडी होती आप्पांची. आप्पांचा वळसंग रस्त्यावर जिनिंगचा कारखाना होता. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायची. मोटार घेण्याआधी ते दमणीतून, म्हणजे छपराच्या बैलगाडीतून जात-येत. ती दमणी हाकायचे भिमण्णा. मोटार घ्यायची ठरली तेव्हा आप्पांनी बैल सांगोल्याच्या एका शेतकऱ्याला विकायचं ठरवलं आणि भिमण्णांना एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे शिकायला पाठवलं. उतारवयात माणूस मोटार शिकला, लायसन काढलं. मला त्याचं कौतुक होतं, पण ते तोंडावर सांगायची पद्धत आमच्यात नाही.

मग एक दिवस आप्पांची सून मागे बसलेली असताना गाडी थेट एका टांग्यावर गेली. कुणाला लागलं नाही. टांग्याचं चाक मोडलं आणि सूनबाईंनी पुन्हा मोटारीत बसणार नाही असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी आप्पा दुकानात आले. भिमण्णा दारातच उभे राहिले.

“मिस्त्री, सोमवारपर्यंत मला सांगा,” आप्पा म्हणाले. “खोड गाडीत हाय का ह्याच्यात. गाडीत आसंल तर गाडी परत. ह्याच्यात आसंल तर ह्यो परत.”

गाडी परत म्हणजे मुंबईला, हे मला माहीत होतं. भिमण्णा परत म्हणजे कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वळसंगला भाऊ होते, पण त्यांनी घराची वाटणी करताना ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. आप्पांच्या गोठ्याशेजारची खोली हेच त्यांचं घर, आणि आता गोठाही रिकामा होता.

आमचे मॅनेजर पुण्याचे. वळसंगच्या रस्त्यावर गाडी पाहून मी परतलो तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं.

“नव्या गाडीला पाना लावायचा नाही. रस्त्याचा दोष आहे म्हणून सांग आणि मोकळा हो.”

रस्त्याचा दोष म्हणजे काय ते सांगतो. खडीचा रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा जराशी डाव्या गटाराकडे झुकते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आम्ही हेच सांगून त्याला वाटेला लावायचो.

“साहेब, उतार डावीकडे आहे. गाडी उजवीकडे ओढते.”

“मग ड्रायव्हरचा हात ओढतो. जन्मभर बैल हाकलेत त्याने.”

“मी हात सोडायला लावून पाहिलं.”

मॅनेजरांनी चष्मा काढला. “हे बघ, एक गाडी परत गेली तर मला मुंबईला उत्तर द्यावं लागतं. एक ड्रायव्हर बदलला तर कुणालाच द्यावं लागत नाही. कळलं?”

कळलं होतं. मी बाहेर येऊन पाना घेतला.

गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की आधी हवा बघायची. एका चाकात हवा कमी असली की गाडी त्या बाजूला जाते. हवा सारखी होती. मग ब्रेक. एखादा ब्रेक सुटत नसेल तर ते चाक धरल्यासारखं होतं आणि गाडी तिकडे वळते. हे तपासायला यंत्र लागत नाही. गाडी थोडी पळवून आणायची आणि चारही चाकांच्या मधल्या भागाला हात लावायचा. जे चाक तापलंय तिथे ब्रेक धरतोय. चारही चाकं सारखीच होती. पुढची चाकं एकमेकांशी जुळलेली आहेत का तेही पाहिलं. जुळलेली होती.  गाडीत दोष सापडत नव्हता, म्हणजे दोष माणसात असं ठरणार होतं.

भिमण्णा दुकानाच्या पायरीवर बसून होते. दिवसभर त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. मी जेवायला उठलो तेव्हा त्यांनी फडकं सोडून अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढे केली. आम्ही शेजारी बसून खाल्लं. सोलापुरात आल्यापासून कुणाच्या शेजारी बसून जेवल्याचं मला आठवत नव्हतं. 

जेवून उठल्यावर मी दोरी घेतली. मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत उजवीकडे मापली आणि गाठ मारली. तीच दोरी डावीकडे लावली. गाठ पुरली नाही. डावं चाक दोन बोटं पुढे होतं.

पुढची दोन चाकं एका आडव्या लोखंडी दांड्यावर असतात, त्याला एक्सल म्हणतात. तो दांडा दोन बाजूंना स्प्रिंगच्या पाट्यांना बोल्टने आवळलेला असतो. इथे डावीकडचं टोक पुढे सरकलं होतं, म्हणजे आख्खा दांडाच उजवीकडे तोंड करून बसला होता. मग गाडी दुसरीकडे कुठे जाणार? मी खाली शिरलो. पाटे जागेवर धरून ठेवणारा मधला बोल्ट, सेंटर बोल्ट म्हणतात त्याला, तो तुटला होता. आणि एक्सलच्या डाव्या टोकाचा नवा काळा रंग खरवडून निघाला होता. त्यावर साखळीच्या कड्यांचे वण होते.

मी तसाच पडल्या पडल्या ओरडलो, “भिमण्णा, ह्या गाडीला साखळी कुणी बांधली?”

 मी बाहेर आलो. ते उभे राहिले होते.

“म्या बांधली.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. गाडी मालगाडीने आली त्या दिवशी मी दुसऱ्या कामावर बाहेरगावी होतो. दिवस निघाला अमावस्येचा. आप्पा इंजिन चालू करू देईनात. रेल्वेवाले गाडी यार्डात ठेवू देईनात. शेवटी आप्पांनी बैल जुंपायला सांगितले. दोन दिवसांनी मी जाऊन इंजिन चालू करून दिलं, तेव्हा गाडी आप्पांच्या दारात हार घालून उभी होती आणि ती तिथवर कशी आली हे मला कुणी सांगितलं नाही.

“बैल इकायचं ठरलं व्हतं,” भिमण्णा म्हणाले. “ती त्यांची शेवटची जुंपन. चढाला मागचं चाक गटारात गेलं. कवड्या दांडगा, डावीकडचा. हरण्या म्हातारा. म्हाताऱ्यावर वजं यायला नगं म्हून साखळी कवड्याच्या मागं बांधली, डाव्या टोकाला. कवड्यानं एक हिसडा दिला बगा. गाडी बाहीर.”

गाडीवान म्हणून त्यांनी केलं ते बरोबरच होतं. ओझं दांडग्या बैलाकडे सारायचं, म्हाताऱ्याला जपायचं. दमणीला ते चाललं असतं. पण मोटारीच्या एक्सलला एका टोकाला धरून हिसडायचं नसतं, हे त्या दिवशी तिथे कुणाला ठाऊक असणार?

“मिस्त्री, आप्पास्नी सांगनार?”

“सांगावंच लागेल.”

“सांगा की,” ते म्हणाले आणि पायरीवर बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. मला इतकं वाईट वाटलं की मी फडक्याने पाना पुसत राहिलो, पुसायला काही नव्हतं तरी.

मी आप्पांच्या पेढीवर गेलो. जे होतं ते सांगितलं.

“अमावस्येला नव्या चुलीत इस्तू घालत न्हाईत,” आप्पा म्हणाले. “मग इंजनात कसा घालायचा?”

“ते खरं. पण बैलांच्या हिसड्याने एक्सल सरकला.”

“म्हंजी भिम्याचीच चूक.”

“साखळी भिमण्णांनी बांधली. बैल जुंपायला कुणी सांगितलं, आप्पा?”

पेढीवरचा दिवाणजी लिहायचा थांबला. माझी नोकरी गेली असं मला वाटलं. आप्पांनी तोंडातलं पान एका गालात सारलं.

“म्या गाडीत बसलो व्हतो,” ते म्हणाले. “फेटा बांधून. समदी पेठ हासत व्हती. मला वाटलं, गाडी बगून खूश झालीती मान्सं.” मग त्यांनाच हसू आलं. “ऱ्हाऊ द्या त्याला. पर गाडी सरळ झाली पायजे.”

दोष कंपनीचा नाही हे कळल्यावर मॅनेजरही खूश झाले. सगळा शोध आपणच लावला अशा थाटात त्यांनी मुंबईला कळवलं. मी एक्सल मागे घेतला, नवा सेंटर बोल्ट टाकला, सगळं आवळलं. दोरीची गाठ दोन्हीकडे पुरली.

सोमवारी सकाळी आम्ही पुन्हा वळसंगच्या रस्त्याला लागलो. मी भिमण्णांकडे पाहून म्हणालो, “आता हात सोडा.”

त्यांनी हात उचलले. गाडी आपल्या वाटेने सरळ चालली. दोन्हीकडची बाभळीची झाडं मागे जात होती आणि स्टिअरिंग जागचं हलत नव्हतं. मला फार समाधान वाटलं. “तुमची नोकरी वाचली,” मी म्हणालो. काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून मी वाट पाहिली.

भिमण्णांनी हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. 

“कवड्या दांडगा ना, मिस्त्री. तो फुडं जायचा, तवा दमनी सारकी उजवीकडं वळायची. म्या इतकी वर्सं डावीकडं वडून धरली. मग ही आली, तर हीबी तशीच वडाय लागली. मला वाटलं…” ते थांबले. “आता हाताला काय लागतच न्हाय.”

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतके दिवस तक्रार का करत नव्हता.   परत येईपर्यंत इंजिनाचा आवाज तेवढा होता.

पुढे भिमण्णा आप्पांकडे ड्रायव्हर राहिले. सूनबाईही पुन्हा गाडीत बसू लागल्या. काही महिन्यांनी गाडी ग्रीसिंगला आली. मी खाली काम करत होतो. भिमण्णा वाकून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, “मिस्त्री, पैल्यावानी करता येतंय का? लई न्हाय. थोडंसंच.”

“वेड लागलंय का?” मी गाडीखालूनच ओरडलो. “टांग्यावर घालायचीय का पुन्हा?”

“न्हाय, न्हाय. सहज इचारलं.”

त्यांचे पाय चाकाजवळून हलले आणि पायरीकडे गेले. मी ग्रीस भरून संपलं तरी तिथेच पडून राहिलो. त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी गावी चार ओळी लिहायला बसलो, पण लिहिण्यासारखं होतं ते भिमण्णांचं एवढंच, आणि ते कसं लिहावं ते कळेना, त्यामुळे कार्ड कोरंच राहिलं.

नंतर मी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. ओढते म्हणून शेकडो लोक आले. ओढत नाही म्हणून आलेला माणूस एकच. या सगळ्यातून धंद्यातली गोष्ट शिकलो ती अशी: नवी गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोर एक्सलच्या टोकाला बांधू नये. भिमण्णांना जे हवं होतं, त्यासाठी माझ्या पेटीत पाना नव्हता.